शाळा सोडल्याचा दाखला आणि ‘रुश्द’ची कसोटी

दहावी-बारावीचे निकाल लागले की मोहल्ल्यामोहल्ल्यांत पेढे वाटले जातात. जमातीतर्फे गुणवंतांचा सत्कार होतो. घरोघरी विज्ञान, वाणिज्य, कला की आयटीआय, अशी चर्चा रंगते. हा आनंद रास्तच आहे. मुलांनी कष्ट केले आहेत आणि आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन फी भरलेली आहे. याच दिवसांत गुणपत्रिकेबरोबर आणखी एक कागद हाती येतो, तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर नाव, जन्मतारीख, मातृभाषा अशा नोंदींखाली ‘अभ्यासातील प्रगती’ आणि ‘वर्तणूक’ असे रकाने असतात. बहुतेक सर्वांच्या ‘वर्तणूक’ या रकान्यात एकच शब्द लिहिलेला असतो : ‘चांगली’.

यासाठी शाळेला दोष देण्याचे कारण नाही. शेकडो मुलांच्या गर्दीत शिक्षक प्रत्येकाचे अंतरंग कोठवर न्याहाळणार? परंतु त्या एका शब्दामागे प्रत्यक्षात काय असावे, शाळेचा उंबरठा ओलांडणाऱ्या मुलामुलींजवळ कोणती कौशल्ये आणि कोणते गुण असावेत, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. त्याचे उत्तर आई-वडिलांनाच शोधावे लागते. या शोधात कुरआनने आपल्या हाती एक कसोटी दिली आहे. तिचेच अध्ययन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

वय आणि समज

सूरह निसाच्या सहाव्या आयतीत अनाथांच्या पालकांना आदेश देण्यात आला आहे. अनाथ बालकाची मालमत्ता पालकाच्या ताब्यात असते आणि ती केव्हातरी त्याच्या हवाली करावयाची असते. ती केव्हा करावी? आयतीचा आशय असा की, अनाथांना पारखत राहावे. ते विवाहाच्या वयास पोहोचल्यावर त्यांच्यात ‘रुश्द’ जाणवला, तर त्यांची मालमत्ता त्यांना सोपवावी, आणि सोपवताना साक्षीदार ठेवावेत.

येथे वयाचा उल्लेख आहे, पण केवळ वय पुरेसे मानलेले नाही. वयासोबत ‘रुश्द’ हवा. रुश्द म्हणजे समंजसपणा, हित-अहित ओळखून स्वतःचा कारभार नीट चालवण्याची पात्रता. आयतीतील शब्दयोजना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. पालकाला ‘जाणवणे’ या अर्थाने जे क्रियापद आले आहे, तेच सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांना तूर पर्वताच्या बाजूस दुरून अग्नी दिसला त्या प्रसंगी आले आहे. अंधाऱ्या रात्री वाटसरू दूरवरचा प्रकाश ज्या उत्सुकतेने टिपतो, त्या उत्सुकतेने पालकाने मुलातील समज टिपावयाची आहे. शिवाय ‘रुश्द’ हा शब्द येथे अनिश्चित रूपात आला आहे. त्यावरून भाष्यकारांनी असा अर्थ घेतला आहे की, परिपूर्ण शहाणपणाची वाट पाहत बसू नये. समंजसपणाची काही खात्रीलायक खूण दिसली तरी पुरे.

फिकहच्या इमामांनी या आयतीवर सखोल विचार केला. इमाम शाफई (रह.) यांच्या मते रुश्द म्हणजे दीन आणि व्यवहार या दोहोंत मनुष्य नीट असणे. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी व्यवहारातील समजेवर भर दिला आणि समज न आल्यास मालमत्ता वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत राखून ठेवण्याची मुभा दिली. तपशिलात मतभेद असले, तरी पारख केल्याविना हवाली करू नये, हे सूत्र समान आहे.

आयत अनाथांविषयी आहे, मग आपल्या मुलांशी तिचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपली मुले शाळा संपवून दोनेक वर्षांत अठरा वर्षांची होतात आणि कायदा त्यांना सज्ञान मानतो. बँकेचे खाते, मतदानाचा हक्क, करारावरची सही, स्वतःचा मोबाईल आणि स्वतःचा वेळ हे सारे एकाएकी त्यांच्या हाती येते. ही मालमत्ता कोणत्याही शेतजमिनीपेक्षा मोठी आहे. परक्याच्या अनाथ बालकाला त्याचे धन देताना एवढी काळजी घ्यावयाची, तर पोटच्या लेकराला त्याचे अवघे आयुष्य सोपवताना किती घ्यावयास हवी!

‘कवी’ आणि ‘अमीन’

रुश्दच्या खुणा कोणत्या, हे समजून घेण्यासाठी कुरआनमधील आणखी दोन प्रसंग उपयोगी पडतात. मद्यनच्या पाणवठ्यावर हजरत मूसा (अ.) यांनी दोन भगिनींच्या जनावरांना पाणी पाजले. त्यानंतर त्यांतील एकीने आपल्या वडिलांना त्यांना कामावर ठेवण्याची शिफारस केली. त्या शिफारशीत दोन शब्द होते : ‘कवी’ म्हणजे समर्थ आणि ‘अमीन’ म्हणजे विश्वासू. हजरत यूसुफ (अ.) यांनी मिसरच्या कोठारांची जबाबदारी मागितली तेव्हाही आपण राखण करणारे आणि जाणकार आहोत, अशा दोनच गोष्टी सांगितल्या.

सामर्थ्य आणि विश्वासार्हता, म्हणजेच आजच्या भाषेत कौशल्य आणि गुण. एकाशिवाय दुसरे लंगडे असते. कुशल पण अप्रामाणिक माणूस समाजाला लुबाडतो. प्रामाणिक पण अजाण माणूस स्वतः लुबाडला जातो. शाळा संपवणाऱ्या मुलामुलींमध्ये या दोन्ही बाजू किमान उगवलेल्या दिसाव्यात.

सामर्थ्याची बाजू

पहिले कौशल्य म्हणजे व्यवहाराचे वाचन-लेखन. कुरआनची सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकरहची २८२ वी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहावी, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, असे तीत बजावले आहे. बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांजवळ खंडणीसाठी धन नव्हते पण लेखनकला होती, त्यांनी मदीनेतील प्रत्येकी दहा मुलांना लिहावयास शिकवावे आणि मुक्त व्हावे, अशी व्यवस्था प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केल्याचे सीरतच्या ग्रंथांत नमूद आहे. लेखनाचे हे मोल ज्या उम्मतीला शिकवले गेले, तिच्या मुलांनी सही करण्यापूर्वी कागद वाचू नये, ही खेदाची गोष्ट होय. चक्रवाढ व्याजाचे सूत्र पाठ करून परीक्षेत पूर्ण गुण मिळवणारा मुलगा हप्त्यावर मोबाईल घेताना एकूण किती रक्कम फेडावी लागेल आणि त्यात व्याज दडले आहे काय, याचा हिशेब करीत नसेल, तर ते गणित कोणत्या कामाचे? शाळा संपेपर्यंत मुलाला सातबारा वाचता यावा, बँकेचा अर्ज भरता यावा आणि उसनवारीची चिठ्ठी साक्षीदारांसह लिहिता यावी.

दुसरे कौशल्य भाषेचे. हजरत झैद बिन साबित (रजि.) किशोरवयीन असताना प्रेषितांनी (स.) त्यांना यहुदी लोकांची लिपी शिकण्यास सांगितले, कारण पत्रव्यवहारासाठी तिची गरज होती. तिरमिझीतील वृत्तांतानुसार अवघ्या पंधरवड्यात त्यांनी ती आत्मसात केली. पुढे कुरआनच्या संकलनाचे महान कार्य याच झैद (रजि.) यांच्यावर सोपवले गेले. आपल्या घरांत कोठे दखनी, कोठे कोकणी, कोठे उर्दू बोलली जाते. या भाषा जपाव्यात. परंतु ज्या भूमीत आपण राहतो तिचा तहसील, तिचा दवाखाना, तिचे वृत्तपत्र आणि आपला शेजारी मराठीत बोलतो. शाळा उर्दू माध्यमाची असो वा इंग्रजी, मुलाला मराठीत स्वच्छ अर्ज लिहिता यावा आणि आपले म्हणणे चार लोकांत न अडखळता मांडता यावे. आपला दीन शेजाऱ्याला समजावून सांगावयाचा झाला, तरी तो त्याला कळणाऱ्या भाषेतच सांगावा लागतो.

तिसरे कौशल्य पडताळ्याचे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत, बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करावी, असा आदेश आहे. अन्यथा अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा पोहोचेल आणि मागून पश्चात्ताप होईल. मोबाईलच्या एका स्पर्शाने शेकडो लोकांपर्यंत मजकूर पोहोचतो, त्या काळात या आदेशाचे महत्त्व सांगावयास नको. एखादा संतापजनक व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलामुळे गावची शांतता धोक्यात येऊ शकते आणि त्याचे स्वतःचे भवितव्यही. हा मजकूर कोणी पाठवला, केव्हाचा आहे, कोठला आहे, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागली, त्याला ज्ञानाचे दार उघडले असे समजावे.

चौथे कौशल्य हाताच्या कामाचे. हजरत दाऊद (अ.) स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत आणि हजरत झकरिया (अ.) सुतारकाम करीत, असे सहीह हदीसमध्ये आले आहे. श्रमाला शिक्षणात मानाचे स्थान मिळावे, हा विचार आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवरही मांडला गेला. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसैन होते, जे पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. मातृभाषेतून शिक्षण आणि एखाद्या हस्तव्यवसायाच्या आधारे शिक्षण ही त्या योजनेची प्रमुख अंगे होती. तो आराखडा सर्वत्र रुजला नाही, पण त्यातील तत्त्व घराघरांत आचरता येते. शाळा संपवलेल्या मुलाला स्वयंपाक करता यावा, फाटलेले शिवता यावे, आणि वडिलांच्या दुकानातील वा शेतातील कामाची लाज वाटू नये.

विश्वासार्हतेची बाजू

गुणांमध्ये अग्रस्थान नमाजचे आहे. मुलांना सातव्या वर्षापासून नमाजची ताकीद करावी, ही शिकवण सर्वपरिचित आहे. ती एवढ्या लवकर सुरू करण्याचा हेतूच हा की, प्रौढत्व येईतो नमाज मुलाची स्वतःची व्हावी. वडील घरी असताना पढली जाणारी नमाज वडिलांची असते. वसतिगृहाच्या खोलीत, कोणी उठवणारे नसताना, मूल फजरला उठले, तर ती त्याची नमाज झाली. शिवाय दिवसातून पाच वेळा हातचे काम बाजूला ठेवून ठरल्या वेळी उभे राहणारा मनुष्य अन्य वेळाही पाळू लागतो.

दुसरा गुण अमानतीचा. हजरत अनस (रजि.) बालवयात प्रेषितांच्या (स.) सेवेत होते. एकदा मुलांसोबत खेळत असताना प्रेषितांनी (स.) त्यांना एका कामासाठी पाठवले. घरी परतण्यास उशीर झाला, तेव्हा आईने कारण विचारले. त्यांनी काम होते एवढेच सांगितले आणि ते गुपित असल्याने उघड करण्याचे टाळले. त्यावर आई रागावली नाही. उलट, प्रेषितांचे (स.) गुपित कोणालाही सांगू नकोस, असेच तिने बजावले. सहीह मुस्लिममधील या प्रसंगात दोघांची पारख आहे. मुलाने विश्वास राखला आणि आईने त्या विश्वासाचा मान ठेवला. मित्राचे छायाचित्र, मैत्रिणीने सांगितलेले घरचे दुःख, दुकानातील गल्ला, परीक्षेतील उत्तरपत्रिका ही आजच्या मुलांची अमानत आहे.

तिसरा गुण अपयश पेलण्याचा. हजरत याकूब (अ.) यांनी पुत्रवियोगाच्या ऐन दुःखात आपल्या मुलांना अल्लाहच्या कृपेविषयी निराश न होण्याची ताकीद दिल्याचे सूरह यूसुफमध्ये आले आहे. पस्तीस गुणांची अट न गाठू शकलेल्या मुलाला पुरवणी परीक्षेची वाट खुली असते. परंतु घरातील चेहरे पाहून काही मुलांना सर्व वाटा बंद झाल्यासारखे वाटते. असे मूल आपल्याशी बोलावयाचे थांबले असेल, तर अभ्यासाची गोष्ट बाजूला ठेवून प्रथम त्याला जवळ घेणे हे माता-पित्याचे कर्तव्य आहे. तुझे गुण कमी झाले, तू कमी झाला नाहीस, हे त्याने आपल्या तोंडून ऐकले पाहिजे. पडून उठण्याची ताकद मुले उपदेशातून शिकत नाहीत. पडल्यावर घरातल्यांनी कसे वागवले, यावरून शिकतात.

चौथा गुण विनयाचा. हजरत लुकमान यांनी आपल्या पुत्राला केलेल्या उपदेशात तौहीद, माता-पित्यांविषयी कृतज्ञता, नमाज आणि सब्र यांच्या जोडीने चालण्या-बोलण्याची रीतही सांगितली आहे. लोकांपासून तोंड फिरवू नये, ताठ्याने चालू नये, आवाज खाली ठेवावा. तौहीदसारख्या महान विषयासोबत आवाजाच्या पट्टीचा उल्लेख यावा, यातच या गुणाचे मोल दिसते. आपले मूल पुढे ज्या महाविद्यालयात जाईल, तेथे त्याच्या बाकावर दुसऱ्या धर्माचा विद्यार्थी बसलेला असेल. तो विद्यार्थी कदाचित इस्लामचा ग्रंथ कधीच उघडणार नाही, पण आपल्या मुलाची वागणूक मात्र रोज पाहील.

मुलींचा रुश्द

रुश्दच्या आयतीत ज्या अनाथांचा उल्लेख आहे, त्यांत मुलगे आणि मुली दोन्ही येतात. म्हणजे मुलीची मालमत्ताही तिचीच आणि तिचा कारभार सांभाळण्याची पात्रताही तिच्यातच पाहावयाची. त्याच सूरहच्या चौथ्या आयतीत महर स्त्रीला आनंदाने देण्याचा आदेश आहे. तरीही निकाह पढवताना अनेकदा असे आढळते की, पदवीच्या वर्गात शिकणारी वधू दाखवलेल्या जागी मुकाट्याने सही करते. महर किती ठरला, तो केव्हा मिळावयाचा, हे तिला ठाऊक नसते.

निकाहनाम्यात महरासंबंधी ‘मुअज्जल’ असा शब्द येतो. देवनागरीत तो एकच दिसतो, पण मूळ लिपीत तो दोन प्रकारे लिहिला जातो. ‘ऐन’ने लिहिला तर महर तत्काळ देय, ‘हमझा’ने लिहिला तर मुदतीने देय. एका अक्षराने स्त्रीच्या हक्काचा काळ बदलतो! ज्या मुलीला बारा वर्षे शाळेत शिकवले, तिला हे अक्षर ओळखता यावे किंवा निदान विचारता यावे. तिचे बँक खाते तिने स्वतः चालवावे. तिचा दाखला आणि गुणपत्रिका तिच्या हाताशी असाव्यात. आईने मुलीला याची ओळख करून द्यावी आणि वडिलांनी त्यास पाठिंबा द्यावा.

घरातील परीक्षा

आता प्रश्न पारख करावयाच्या पद्धतीचा. इमाम नववी (रह.) यांच्या ‘मिन्हाज’ या शाफई फिकहच्या ग्रंथात याचे मार्गदर्शन आहे. आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई असल्याने तेथील उलेमांना हा ग्रंथ सुपरिचित आहे. त्यात म्हटल्याप्रमाणे व्यापाऱ्याच्या मुलाला खरेदी-विक्री आणि भावाच्या घासाघिशीत पारखावे, शेतकऱ्याच्या मुलाला शेती आणि मजुरांच्या खर्चात, तर मुलीला सूतकताईच्या देखरेखीत आणि अन्नपदार्थ मांजरापासून जपण्यातसुद्धा. एकदा पारखून थांबू नये. दोन वा अधिक वेळा पारखावे. आणि ही पारख प्रौढत्व येण्यापूर्वीच करावी.

सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही सूचना किती व्यवहार्य आहे! पारख मोठ्या घोषणांनी होत नाही. घरातील लहान कामांनी होते. नववी-दहावीपासूनच आपण ती सुरू करू शकतो.

एका महिन्याच्या किराण्याचे पैसे मुलाच्या हाती द्यावेत आणि महिनाअखेरीस लेखी हिशेब मागावा. आजीला सरकारी दवाखान्यात नेणे, केसपेपर काढणे, डॉक्टरांनी सांगितलेले औषध तिला समजावून देणे, हे काम त्याच्यावर सोपवावे. ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत द्यावयाचा एखादा अर्ज त्यालाच लिहावयास सांगावा. घरभाड्याचा करार सही करण्यापूर्वी मुलीला मोठ्याने वाचावयास सांगावा आणि न समजलेल्या ओळींवर खूण करावयास लावावी. जकातीचा हिशेब करताना दोघांनाही सोबत बसवावे, म्हणजे सोने, रोकड, उधारी आणि निसाब या गोष्टी पुस्तकातून बाहेर येतील. एक आठवडा फजरसाठी कोणालाही न उठवता कोण उठते, ते पाहावे.

यात चुका होतील. किराण्याचे पैसे पंचवीस तारखेलाच संपतील, अर्ज परत येईल. अशा वेळी काम हिसकावून घेऊ नये. शंभर-दोनशे रुपयांची चूक आपल्या छपराखाली झालेली बरी; तीच चूक पुढे परक्या शहरात लाखाची होऊ शकते. पारख याचा अर्थ मुलाला पकडण्यासाठी लावलेला सापळा नव्हे. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली. त्या काळात आपण तिरस्काराचा एक उद्गारही ऐकला नाही, अमुक का केलेस वा तमुक का केले नाहीस, असे आपल्याला कधी विचारले गेले नाही, अशी त्यांची साक्ष आहे. ज्या हाताखाली अनस (रजि.) घडले, त्याची ही रीत होती.

हिशेब कोणाचा?

सूरह निसाच्या त्या आयतीचा शेवट पालकांना अंतर्मुख करणारा आहे. मालमत्ता हवाली करताना साक्षीदार ठेवा, असे सांगून अखेरीस हिशेब घेण्यास अल्लाह पुरेसा आहे, असे बजावले आहे. परीक्षा बालकाची सांगितली, पण हिशेबाचा इशारा मात्र पालकाला दिला. मुलाला किती टक्के मिळाले, हे मंडळ सांगेल. त्याला समर्थ आणि विश्वासू बनवण्यासाठी आपण त्याच्या हाती केव्हा काय सोपवले आणि तो चुकला तेव्हा आपण कसे वागलो, याची विचारणा आपल्याला होईल.

ज्या घरात यंदा दहावी-बारावीचा निकाल आला आहे, तेथे पुढील प्रवेशाच्या धावपळीतून एक संध्याकाळ काढावी. मुलामुलींना समोर बसवून घरातील एक खरी जबाबदारी आजपासून त्यांच्या नावे करावी. ज्यांची मुले अजून आठवीत वा नववीत आहेत, त्यांच्या हाती तर पुरेसा वेळ आहे.

अल्लाह आपल्या मुलामुलींना लाभदायक ज्ञान, समर्थ हात आणि विश्वासू अंतःकरण प्रदान करो, आणि त्यांना घडवताना आम्हा माता-पित्यांना सब्र व सद्बुद्धी देवो. आमीन.